नराच्या वृषणात अंडपेशी

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी जिथे नदीला मिळतं, त्याच्या खालच्या अंगाला जाळं टाकलं की मासे भरपूर लागतात, आणि तेही चांगले पोसलेले. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना याचं आश्चर्य वाटतं. खरं तर हे पाणी थंडीत नदीपेक्षा कोमट असतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ माजतं, शेवाळावर किडे जगतात आणि किड्यांवर मासे. आम्ही केंद्राच्या वरच्या आणि खालच्या टप्प्यातले मासे तपासले त्या हंगामातही खालचे मासे लांबीच्या मानाने वरच्यांपेक्षा वजनदार होते. कल्ले लालबुंद, अंगावर जखम नाही, परजीवी नावापुरते. काही नरांचं यकृत तेवढं मोठं वाटलं. पण भरपूर खाणाऱ्या माशाचंही यकृत वाढतं, म्हणून नोंद करून आम्ही पुढे गेलो.

स्लाइड वाचायचं काम कंटाळवाणं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली ऊती मेणात बसवायची, तिचे केसाहूनही पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसायचं. स्लाइडवर फक्त कोड असतो. मासा कुठला हे वाचणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर डोळा हवं तेच शोधतो.

नराच्या वृषणात शुक्रपेशींचे गडद, दाट पुंजके दिसतात. त्या दुपारी एका स्लाइडवर त्या पुंजक्यांच्या मधोमध एक भलीमोठी गोल पेशी दिसली, मोहरीच्या ढिगात वाटाणा पडावा तशी. जांभळट रंग, आत फिकट केंद्रक. अंडपेशी! शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्याने भिंग फिरवून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हा नर म्हणूनच नोंदवलाय ना?" नरच होता. पुढे तशा आणखी सापडत गेल्या. काहींत एखाददुसरी पेशी, तर एकीत ओळीने.

कोड उघडले तेव्हा अशा स्लाइड जवळजवळ सगळ्या खालच्या टप्प्यातल्या निघाल्या. वरच्या टप्प्यातलीही एक होती. ती मी अहवालात मुद्दाम ठेवली, कारण क्वचित असं नैसर्गिकरीत्याही होतं आणि ते लपवलं तर उरलेल्या निष्कर्षावर कोण विश्वास ठेवणार? मग गोठवून ठेवलेलं रक्त तपासलं. नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन होतं. अंड्यातला बलक ज्यापासून बनतो ते हे प्रथिन. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा इशारा मिळाला की ते यकृतात तयार होतं, आणि त्याचं जनुक नरातही असतं, एरवी जवळपास निजलेलं. मोठ्या यकृताचा हिशेब आता लागू लागला.

ब्रिटनमधल्या नद्यांतल्या रोच माशांत असंच आढळल्याचा अभ्यास 1998 मध्ये आला होता. माणसाच्या लघवीतून इस्ट्रोजेन बाहेर पडतं ते बहुतांशी निष्क्रिय रूपात. गटारातले जिवाणू त्याला जोडलेला रेणू तोडतात आणि ते पुन्हा कामाला लागतं. गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलइस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तर त्याहून चिवट. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये एका प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 या तीन उन्हाळ्यांत ते लिटरला 5 ते 6 नॅनोग्रॅम या प्रमाणात ठेवलं, तर तिथले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले.

केंद्राच्या इंजिनिअरसाहेबांना निकाल दाखवला. त्यांनी शांतपणे आपली फाइल पुढे केली. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप), तरंगते घन पदार्थ, अमोनिया, सगळं मर्यादेत. "मॅडम, आमचा एकही नमुना फेल नाही." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. या केंद्रांना सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती नसती तर तिथे प्राणवायूअभावी तपासायला मासाच उरला नसता. फक्त त्या फाइलीतली एकही चाचणी संप्रेरकं मोजत नव्हती.

मी त्यांना ऑन्टारिओतल्याच ग्रँड नदीचं उदाहरण सांगितलं. किचनर शहराच्या केंद्रात सुधारणा करून अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर नीट होऊ लागलं, आणि काही वर्षांतच खालच्या रेनबो डार्टर माशांच्या नरांमध्ये अंडपेशी सापडण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. त्यासाठी जिवाणूंनी भरलेला गाळ टाकीत जास्त दिवस ठेवावा लागतो, आणि तो राहिला की इस्ट्रोजेन फोडणाऱ्या जिवाणूंनाही वेळ मिळतो. यावर ते पहिल्यांदा पुढे सरकून बसले. "म्हणजे गाळाचं वय वाढवायचं? हवेचा खर्च वाढेल, पण टाकी आहे तीच चालेल." मग कागद ओढून त्यांनी आकडेमोड सुरू केली. बदलाआधी आणि नंतर नर मासे पिंजऱ्यात घालून सोडलेल्या पाण्यात ठेवायचे आणि त्यांचं रक्त तपासायचं, एवढं आमच्यात तिथेच ठरलं.