लगन कोठी गेलं?

दर्यापूरला माझं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, नेटचं वायरिंग, जे येईल ते काम करतो. गेल्या मे महिन्यात पुण्याहून एका मुलाचा फोन आला. त्याचे आईवडील तालुक्यातल्याच एका गावात राहतात. त्यांच्यासाठी त्यानं छोटा कॉम्प्युटर आणि 2 टीबीची डिस्क माझ्याकडे कुरिअरनं पाठवली. डिस्कवर जुने सिनेमे, कीर्तनं, गावच्या सप्ताहाचं शूटिंग आणि बहिणीच्या 2011 च्या लग्नाच्या तीन डीव्हीडी उतरवलेल्या. घरचा डीव्हीडी प्लेअर केव्हाचा बंद पडलेला. "आईला ते लग्न लागलं पाहिजे, बाकीचं मागून," हे तो दोनदा बोलला. ते मी नीट ऐकायला हवं होतं.

लग्नाच्या फाइली जुन्या एमपीईजी-2 पद्धतीच्या होत्या. टीव्हीला अशी फाइल थेट चालली नाही, की छोटा कॉम्प्युटर चालता चालता तिचं रूपांतर करत बसतो, तापतो आणि चित्र अडकतं. म्हणून दुकानातच त्या टीव्हीला थेट चालणाऱ्या एच.264 पद्धतीत बदलून घेतल्या. माणूस हलला की त्याच्या कडेला दाताळ्यासारख्या रेघा दिसत होत्या, त्याही काढल्या. रात्रभर मशीन चालू ठेवलं.

घर धाब्याचं. भिंती हात-दीड हात मातीच्या. राउटर ओसरीत, टीव्ही माजघरात, मधे अशा दोन भिंती. वायफायचा तिथं निभाव लागत नाही, हे मोजून बघायचीही गरज नव्हती. वाशाच्या कडेनं लॅन केबल ओढली. बाहेर खाटेवर कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्यावर धूळ पडू नये म्हणून काकू माझ्या ड्रिल मशीनवर डोळा ठेवून होत्या.

कॉम्प्युटरवर जेलीफिन टाकलं, म्हणजे डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, 2018 मध्ये एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालं, आणि घरातला माल घरातच दाखवतं. लाइट गेली-आली की राउटर कॉम्प्युटरला नवा पत्ता देऊ शकतो आणि मग टीव्हीला तो सापडत नाही, म्हणून पत्ता पक्का बांधून टाकला. 'घर' नावाचं खातं केलं, पासवर्डशिवाय.

काकाजींचा एकच प्रश्न होता, "नेट गेलं तं?"

मी राउटरमधून फायबरची पिन काढून ठेवली. कीर्तन चालूच राहिलं. काकाजी पिनेकडे बघत राहिले. रस्ता खोदला की आठ-आठ दिवस नेट जातं त्या गावात. त्यांना ही गोष्ट फार मोलाची वाटली आणि मलाही वाटते. पिन परत लावली, डिस्कवरचे उरलेले फोल्डर जोडले, यादी तयार होत होती तेवढ्यात चहा झाला आणि मी निघालो.

संध्याकाळी सातला फोन. "भाऊ, पोरीचं लगन कोठी गेलं? तिथं कोणी गोरी बाई दिसून राह्यली."

माझ्या लगेच लक्षात आलं. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत 'वेडिंग 2011' होतं आणि घाईत मी ते सिनेमांच्या खान्यात टाकलं होतं. त्या खान्यातलं नाव आणि साल बघून जेलीफिन नेटवरच्या यादीत जुळणारा सिनेमा शोधतं आणि त्याचं पोस्टर लावतं. घरच्या शूटिंगसाठी वेगळा खाना असतो, तिथं ते असं शोधत नाही. चूक सर्वस्वी माझी.

"काकाजी, फाइल जागेवर आहे, फक्त फोटो बदलला. ओके दाबा, लग्नच लागेल."

मागून काकूंचा आवाज आला, "नोका दाबू! दाबलं तं उरलंसुरलंही जाईन."

काकू बरोबर होत्या. जिथं आपली पोरगी दिसायची तिथं परकी बाई दिसल्यावर 'फाइल जागेवर आहे' म्हणण्यात काही अर्थ नसतो. सकाळपर्यंत ते दोघं तसेच बसून राहिले असते. मी गाडी काढली.

पोहोचलो तेव्हा काकू माजघरात खाली बसलेल्या, मांडीवर डीव्हीडीची रिकामी कव्हरं. मी आधी काहीच दुरुस्त केलं नाही. त्याच गोऱ्या बाईवर ओके दाबलं. सनई वाजली, मांडव दिसला. काकूंनी पदर तोंडाला लावला. मग घरच्या शूटिंगचा खाना उघडून लग्न तिकडे हलवलं आणि विचारलं, "इथं फोटो कोणता लावू? नवरदेव-नवरीचा?"

"दुसऱ्या कॅशेटात अंतरपाट हाय. तिथं ने."

नेलं. पोरीच्या मागं गुलाबी फेटा बांधलेला एक माणूस उभा होता, हातात अक्षता.

"थांबव. हा माहा भाऊ. कोरोनात गेला. तोंडही पाहू देल्लं नाई कोणी."

मी त्या जागेचं चित्र काढलं, 'पोस्टर' नावानं फोल्डरात ठेवलं आणि यादी पुन्हा ताजी केली. टीव्हीवर पोरीच्या लग्नाच्या जागी मामा आला.

मग रिमोट काकूंच्या हातात दिला. तीनच बटणं सांगितली, वर, खाली आणि मधलं. मधल्या बटणावर त्यांनी स्वतःच्या कपाळाची लाल टिकली चिकटवली. काकाजी जेवायला चला म्हणत होते, पण काकू हलेनात. लग्न लावायचं, फेटा दिसला की टिकली दाबून थांबवायचं, थोडं बघायचं, पुन्हा दाबायचं. चौथ्या वेळी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बापू, तू जेवून घे. मले येते आता."