वय झालेली त्वचा आणि नागीण: माझा अनुभव

पाठीच्या उजव्या बाजूला बरगडीच्या रेषेत आग होऊ लागली, तेव्हा त्वचेवर काहीही दिसत नव्हते. दोन-तीन दिवसांनी त्याच पट्ट्यात लालसर चट्टे उठले आणि त्यांवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस आले. माझे वय त्या वेळी अडुसष्ट होते. शेजारच्या वहिनींनी पाहताक्षणी नागीण म्हणून ओळखले, गेरूचा लेप लावायला सांगितले आणि अंगाभोवती वेढा पडून नागिणीची दोन्ही तोंडे जुळली तर माणूस हाती लागत नाही, असेही बजावले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ही भीती दोन वाक्यांत घालवली. विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो आणि तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पोहोचतो, त्यामुळे फोड सहसा मध्यरेषेशी थांबतात. गेरूला मात्र त्यांनी ठाम नकार दिला, कारण फुटलेल्या फोडांत माती गेली तर वरून जंतुसंसर्ग व्हायचा. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरणीला लागली की पुन्हा डोके वर काढतो, ही मांडणी इंग्लंडमधील सिरेन्सेस्टर येथे दवाखाना चालवणारे एडगर होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये केली होती. वाढत्या वयाबरोबर नागिणीचे प्रमाण वाढते, हेही त्यांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदींतून दाखवले.

विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या असतात. मला व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस अशी मात्रा मिळाली. मात्र त्याआधी रक्तातले क्रिएटिनिन तपासले, कारण मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर ही मात्रा कमी करावी लागते. सून गरोदर होती आणि तिला कांजिण्या झाल्याचे कोणाला आठवत नव्हते, म्हणून खपल्या धरेपर्यंत ती माहेरी राहिली. फोडांतल्या पाण्यातून तिला नागीण होत नाही, पण कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणी त्या त्रासाच्या ठरतात.

खरी कसोटी लागली ती त्वचेची. पहिल्याच दिवशी घरात होती ती नेहमीची चिकटपट्टी लावून कापसाची घडी बसवली होती. ती काढताना पट्टीबरोबर वरची पातळ कातडी सोलून आली आणि जिथे एकही फोड नव्हता तिथे नवी जखम झाली. बाईंनी मला भिंगातून माझाच हात दाखवला. वयानुसार वरचा थर पातळ होतो, तो आणि त्याखालचा थर एकमेकांत जसे घट्ट गुंतलेले असतात ती गुंफण सपाट होत जाते, नव्या पेशी सावकाश तयार होतात, आणि बाहेरून आलेल्याची वर्दी देणाऱ्या लँगरहान्स पेशीही कमी होतात. त्यानंतर न चिकटणारे पॅराफिनचे जाळीदार कापड, त्यावर सैल मलमलीची घडी आणि तिला जागेवर ठेवायला जुना सैल बनियन, अशी व्यवस्था ठरली. कोमट पाण्याने धुवायचे, टॉवेलने टिपायचे, घासायचे नाही. खपल्या पडायला माझ्या धाकट्या जावेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. तिला चाळिशीत नागीण झाली होती.

त्वचेच्या या म्हातारपणाबद्दल पुढे जे वाचायला मिळाले, ते मला अधिक विलक्षण वाटले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील आर्ने अकबर यांच्या गटाने निरोगी तरुण आणि वृद्ध स्वयंसेवकांच्या हातावर या विषाणूचे प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्तीला ओळखू येणारे त्याचे अंश, टोचून पाहिले. वृद्धांची प्रतिक्रिया फिकी पडली, पण २०१५ मधील त्यांच्या निष्कर्षानुसार वृद्ध त्वचेत विषाणू ओळखणाऱ्या पेशींचा तुटवडा नव्हता. अडथळा वेगळाच होता: साधे मिठाचे पाणी टोचले तरी वृद्ध त्वचेत दाह भडकत होता, आणि हा निष्कारण दाह जितका जास्त तितका विषाणूविरुद्धचा प्रतिसाद कमी. २०१८ मध्ये त्यांनी दाह रोखणारे लॉसमापिमॉड हे औषध आधी देऊन पाहिले, तेव्हा प्रतिसाद सुधारला. हा प्रयोग होता, उपचार नव्हे. त्यामुळे मेडिकलच्या दुकानात त्याची चौकशी करण्यात अर्थ नाही.

फोड गेले तरी आग राहिली. तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या या दुखण्याला नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना म्हणतात, आणि वय जितके अधिक तितकी तिची शक्यता अधिक. सुती पदराचा नुसता स्पर्शही सहन होत नसे. मज्जातंतूंच्या वेदनेवरची प्रीगॅबालिन ही रात्रीची गोळी अगदी कमी मात्रेपासून सुरू केली, कारण तिने गुंगी येते आणि उठताना तोल जातो. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली ती त्याच आठवड्यात. औषध हळूहळू वाढवले, आणि वेदना ओसरल्यावर तितक्याच हळू उतरवले.

पुरळ पूर्ण बरी झाल्यावर बाईंनी लसीचे सुचवले. एकदा नागीण झाली म्हणून ती पुन्हा होत नाही असे नाही. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ मध्ये आली; पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, दंडाच्या स्नायूत. ती खिशाला जड आहे, हे लपवण्यात हशील नाही, आणि प्रत्येक डोसनंतर दंड दुखून एक दिवस ताप आलाच. माझे दोन्ही डोस झाले आहेत. यजमानांचे म्हणणे असे की आपल्याला लहानपणी कांजिण्या आल्याच नव्हत्या. पण नणंदबाईंना एका सुट्टीत दोघे भाऊ एकाच खोलीत खाजवत पडल्याचे चांगले आठवते, आणि यजमानांच्या पहिल्या डोसची तारीख मी ठरवून टाकली आहे.