डोक्यावरची काच आणि नवतपा

नागपुरात घर बांधताना जिन्यावर काचेचे छत घालण्याची हौस अनेकांना असते. उजेडासाठी ती रास्तच आहे. परंतु त्या काचेवरचे ऊन अडवण्याचा विचार बहुधा राहायला गेल्यावर होतो आणि तोही आतून पडदा लावण्यापुरताच, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नागपूर २१ अंश अक्षांशाच्या जरासे वर असल्यामुळे मेच्या अखेरीस, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या नऊ दिवसांत, दुपारचा सूर्य थेट माथ्यावर येतो. आडव्या काचेच्या दर चौरस मीटरवर त्या वेळी सुमारे १००० वॅट इतके ऊन पडते, साध्या काचेतून त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग आत येतो आणि तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता मात्र त्याच काचेतून सरळ बाहेर पडू शकत नाही. आतला पडदा लावला तरी ऊन घरात शिरलेलेच असते. मग पडदाच तापून खोली तापवत राहतो.

म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. आमच्या जिन्यावर काचेपासून वीतभर उंच लोखंडी चौकट बसवून तिच्यावर पांढरी शेडनेट ताणली आहे. जाळी काचेवरच अंथरली, तर तिची उष्णता काचेला लागते. मध्ये मोकळी जागा असली की वारा ती उष्णता घेऊन जातो. काचेच्या लगत खाली भिंतीत झडपांची खिडकीही ठेवली आहे. तापलेली हवा वर चढून तिथून निघून जाते. शिवाय कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट लागतेच, तीही तिथेच मिळते.

दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य उंच असतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येऊन छज्जाखालून आत घुसते. तिथे बाहेरून बांबूच्या पट्ट्यांचा किंवा वाळ्याचा पडदाच हवा. दुहेरी काचेवर मोठा खर्च करण्याआधी हे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोन काचांमधला हवेचा थर बाहेरच्या गरम हवेची झळ कमी करतो, पण थेट ऊन फारसे अडवत नाही. काचेला आतून गडद फिल्म लावायची असेल, तर काच टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, आहे ना, हे आधी पाहावे. साधी काच असमान तापून तडकू शकते.

जूनमध्ये वादळी पावसाआधी जाळी उतरवावी लागते. तेव्हाच काचेच्या कडेचे सिलिकॉन उन्हाने सुटले आहे का, हे बोटाने दाबून तपासावे.