एक्सव्ही६ मध्ये यूजर-ग्रुप : क्रेड वेगळा काढला, सेटयूआयडी चालू झालं

मेगाब्लॉकमुळे रविवारी कुठे जायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे काम बरंच पुढे सरकलंय. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी, एक्सव्ही६ म्हणजे एमआयटीची शिकण्यासाठीची छोटी, युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाल्या आवृत्तीत यूजर ही भानगडच नाहीये, कुठलाही प्रोसेस कुठलीही फाइल उघडतो आणि कुणालाही किल (म्हणजे बंद) करतो, तर त्यात यूजर आणि ग्रुप घालायचं चाललंय.

आधी डिस्क. इनोड (फाइलची माहिती ठेवणारी डिस्कवरची नोंद) बरोबर ६४ बाइटचा असतो आणि १०२४ च्या ब्लॉकमध्ये तो पूर्ण भागाकाराने बसलाच पाहिजे, नाहीतर एमकेएफएस (डिस्कची इमेज बनवणारा प्रोग्राम) तिथेच अडतं. १२८ बाइटचा करता आला असता पण एवढ्यासाठी दुप्पट जागा कशाला, म्हणून डायरेक्ट ब्लॉक (इनोडमध्येच लिहिलेले फाइलच्या ब्लॉकचे पत्ते, चार-चार बाइटचे) १२ चे १० केले, ८ बाइट सुटले, त्यात मोड (परवानग्यांचे बिट), यूआयडी (यूजरचा नंबर) आणि जीआयडी (ग्रुपचा नंबर) दोन-दोन बाइटचे, वर दोन शिल्लक. मोठ्यात मोठी फाइल २६८ ब्लॉकची होती ती २६६ ची झाली, चालतंय. यूआयडी १६ बिटांचाच झाला, पण लिनक्स पण २.४ येईपर्यंत तसाच होता. ६५५३५ मात्र कुणाला द्यायचा नाही, कारण १६ बिटांत तो आणि उणे एक सारखेच, आणि सेटरेसयूआयडी या आयडी बदलायच्या सिस्टिम कॉलमध्ये उणे एक म्हणजे 'हा आयडी बदलू नको'.

आता खरी मजा. यूआयडी सरळ प्रोसेसच्या स्ट्रक्टमध्ये टाकणं सोपं होतं, पण मी लिनक्सची पद्धत घेतली, २.६.२९ मध्ये डेव्हिड हॉवेल्सने आणलेली. क्रेड (क्रेडेन्शियल्स, म्हणजे प्रोसेसचे सगळे आयडी) हा वेगळा ऑब्जेक्ट, त्यावर रेफरन्स काउंट (किती जण तो वापरतायत तो आकडा), आणि एकदा प्रोसेसला लागला की त्यात कोणी काही बदलायचं नाही. लोकलच्या पासवर पेनाने तारीख बदलत नाही ना, नवीन पास काढतो, तसंच. प्रिपेअर क्रेड्सने कॉपी घ्यायची, कॉपीत बदल करायचे, कमिट क्रेड्सने पॉइंटर बदलायचा, आणि मध्येच काही फसलं तर कॉपी फेकून द्यायची. फोर्कमध्ये (प्रोसेसची नक्कल काढताना) फक्त काउंट वाढतो. आणि रिअल (खरा यूजर), इफेक्टिव्ह (परवानगी तपासताना धरतात तो), सेव्हड (परत येण्यासाठी राखलेला) हे तिन्ही आयडी एका झटक्यात बदलतात, त्यामुळे दुसऱ्या कोअरवर किल चालू असेल तर त्याला अर्धवट बदललेलं काही दिसत नाही. लिनक्स यासाठी आरसीयू (लॉक न घेता वाचायची पद्धत) वापरतं, माझ्याकडे किल तसाही समोरच्या प्रोसेसचं लॉक (पी-लॉक) घेतो, तेवढं पुरतं.

याचा सगळ्यात जास्त फायदा एक्झेकमध्ये (प्रोसेसमध्ये नवीन प्रोग्राम चढवणारा कॉल) झाला. फाइलवर सेटयूआयडी बिट (प्रोग्राम फाइलच्या मालकाच्या हक्काने चालवा, ही खूण) असेल तर नवीन क्रेड सुरुवातीलाच बनवून ठेवतो, पण लावतो अगदी शेवटी, जिथे नवीन पेजटेबल (मेमरीचा नकाशा) लागतं, कारण त्यापुढे एक्झेक फेल होऊच शकत नाही. नाहीतर विचार करा, मेमरी संपली, एक्झेक परत आला आणि जुना प्रोग्राम रूट (सगळे हक्क असलेला यूजर) होऊन बसलाय!

सप्लिमेंटरी ग्रुप (मुख्य ग्रुपशिवायचे जादा ग्रुप) क्रेडमध्येच, १६ चा फिक्स ॲरे. लिनक्समध्ये ६५५३६ चालतात, म्हणून ते सॉर्ट करून बायनरी सर्च करतात, आपल्याला साधा लूप बास.

टेस्टसाठी स्लो आणि फास्ट असे दोन ग्रुप केलेत 😄 त्यातली ही केस बघा. फाइलचा मोड ०७०५, ग्रुप स्लो. म्हणजे स्लोवाल्यांना बंदी, बाकी सगळ्यांना वाचता येतं. चेक आधी ओनर बघतो, मग ग्रुप, मग इतर, आणि जिथे जुळलं तिथेच निकाल, पुढे जात नाही. आता साध्या यूजरला स्वतःचे ग्रुप सोडू दिले तर तो स्लो सोडून 'इतर' मध्ये जाईल आणि फाइल आरामात वाचेल! ग्रुप सोडणं म्हणजे हक्क कमीच होणार असं वाटतं, पण तसं नाहीये. लिनक्समध्ये यूजर नेमस्पेसमधून (साध्या यूजरला आतल्या आत रूट होता येतं असा कप्पा) हीच पळवाट निघत होती, ३.१९ मध्ये त्यासाठी सेटग्रुप्स (ग्रुपची यादी बदलणारा कॉल) डिनाय करायची सोय आली. माझ्याकडे सेटग्रुप्स फक्त रूटला, विषय संपला.

आता लॉगिन लिहितोय. क्रम सेटग्रुप्स, सेटजीआयडी, सगळ्यात शेवटी सेटयूआयडी, कारण एकदा रूट सोडला की आधीचे दोन करायची परवानगीच उरत नाही. पासवर्ड सध्या प्लेन टेक्स्टमध्ये आहे, शिव्या घालू नका, हॅशचा कोड कर्नलबाहेरचा आहे, तो नंतर बघू.