निंबोळी अर्क मारायचा तर ऊन उतरल्यावरच

गेल्या रविवारी कोथरूडवरून गावी गेले, सासवडजवळ आमचं थोडं रान आहे, तर पडवीभर निंबोळ्या पसरलेल्या. आईने बांधावरच्या कडुलिंबाखाली वेचल्या, गर धुऊन काढला आणि सावलीत वाळत घातल्या. कडक उन्हात नाही हं, आणि बुरशी लागलेली दिसली की बाजूला.

बरेच जण म्हणतात या अर्काने काही होत नाही. पहिल्या वर्षी मलाही तेच वाटलेलं, कारण मी वांग्यावर भर दुपारी फवारला आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडी शोधत बसले, एकही नाही! नंतर कळलं की त्यातलं अझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही आणि ते किडीला लगेच मारतही नाही, तिचं खाणं कमी होतं, कात नीट टाकता येत नाही, वाढ खुंटते, म्हणून थांबायची तयारी पाहिजे आणि कीड थोडी असतानाच सुरुवात पाहिजे.

आमचं माप सांगते. 5 किलो निंबोळ्यांचा भरडा 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, फडक्यातून पिळून गाळायचा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा म्हणजे पानाला चिकटतो, आणि पाणी घालून 100 लिटर करायचं. त्याच संध्याकाळी संपवायचा, उरवून ठेवायचा नाही.

पण वांग्यातली अळी एकदा आत शिरली की अर्क तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिथे रोज सकाळी फेरी मारून माना टाकलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करायचे, किडकी वांगी वेचायची आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून अडकवणारे, लावायचे. कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे आहेतच.

2017 साली यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी, मजूर गेले. तेव्हापासून घरातल्या कुणी पाठीला पंप लावला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि हो, दशपर्णीत, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्कात, कण्हेर, रुई असते, ती झाडं विषारीच, तेव्हा घरी बनवलंय म्हणून उघड्या हाताने ढवळू नका प्लीज, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा.

यंदा 15 किलो भरडा निघेल असं आई म्हणतेय, म्हणजे आमच्या वांग्यावर तीन फवारण्या होतील.