दिवाणावरून दिसेल असा टीव्ही

गणपतीत आमचा 32 इंची टीव्ही बंद पडला. आवाज यायचा, चित्र नाही. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनं खोलीतला दिवा घालवला आणि पडद्यावर जवळून तिरका टॉर्च मारला. आत पुसटसं चित्र हलताना दिसलं. म्हणजे पॅनेल, चित्र उमटवणारी काच, चालू होतं, मागून उजेड देणारे एलईडी गेले होते. हे बारीक दिवे पट्ट्यांवर एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एखादाच गेला तरी सगळा पडदा काळा पडू शकतो. पट्ट्या बदलल्या की टीव्ही सुरू होतो आणि तो खर्च झेपतो. आमच्या टीव्हीच्या पट्ट्या एकदा बदलून झाल्या होत्या. या वेळी त्यानं दुसऱ्या लावून बघितल्या, तर उभ्या रेघा उमटल्या, म्हणजे पॅनेलही बिघडलेलं. पॅनेलच गेलं की नव्या पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी होते. "भाभीजी, अब इसमें पैसा मत लगाइए," असं त्यानंच सांगितलं. हातातलं काम सोडून असा सल्ला देणाऱ्या माणसाचे मी मनापासून आभार मानते. हात आखडता असेल त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी हा टॉर्च जरूर मारून बघावा.

आमच्याकडे 25,000 रुपये होते. त्यात टीव्ही, भिंतीवर लावायचा ब्रॅकेट आणि बाकीचं सगळंच बसवायचं होतं.

टीव्ही सगळ्यात जास्त बघतात त्या माझ्या सासूबाई. वय 78, ऐकायला थोडं कमी येतं, आणि त्यांची जागा म्हणजे खिडकीजवळचा दिवाण. तिथून टीव्ही समोर येत नाही, बराच बाजूला पडतो. दिवाण हलवावा असं पुतण्या म्हणाला, पण तिथून न्हाणीघर चार पावलांवर आहे आणि रात्री उठताना आईंना तेच सोयीचं पडतं. त्यामुळे दिवाण आहे तिथेच राहणार हे आधी ठरलं. टीव्ही त्याच्या हिशेबानं घ्यायचा होता.

तेवढ्यात 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला: 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर, 22 सप्टेंबर 2025 पासून. 32 इंच आणि त्याहून लहान टीव्हीवर आधीपासूनच 18 टक्के होता, म्हणून त्यात काही फरक पडणार नव्हता. करापूर्वी 20,000 किंमत असलेला टीव्ही आधी 25,600 ला पडायचा, तो 23,600 ला येणार होता. तोवर आम्ही पुन्हा 32 इंचीच घ्यायचा म्हणत होतो. या निर्णयानं 43 इंची आमच्या आवाक्यात आला. पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ 80 टक्क्यांनी वाढतं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना हा फरक मोठा असतो. आम्ही 22 तारखेपर्यंत थांबलो. त्याच दिवशी घटस्थापना होती, म्हणून गर्दी जरा ओसरू दिली आणि मग पुतण्याला घेऊन महाराणी रोड गाठला.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले, सगळ्यांवर रंगीबेरंगी मासे आणि फुलं. सेल्समनचा भर फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातले बारकावे जास्त दाखवणारं चित्र, यांवर होता. फोर-केचा हिशेब मी घरीच करून गेले होते. 43 इंची पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीचे 1920 ठिपके तेवढ्या रुंदीत बसवले की एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि चांगल्या नजरेलाही साडेपाच फुटांपलीकडून असे ठिपके वेगळे दिसत नाहीत. आमचा सोफा आठ फुटांवर आहे, दिवाण त्याहून लांब. फोर-के आपसूक येत असेल तर येऊ दे, पण फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात आम्हाला अर्थ वाटला नाही.

मी प्रत्येक टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहिले, दिवाणावरून दिसेल तितकी तिरकी. समोरून देखणे वाटणारे दोन टीव्ही तिथून अगदी फिके पडले, माणसांचे चेहरे पांढुरके दिसायला लागले. पॅनेल मुख्यतः दोन जातींचे असतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद, पण बाजूनं बघितलं की रंग उडतात. आयपीएसचा काळा थोडा राखाडी, पण बाजूनंही रंग बरेच टिकतात. अंधारात सिनेमा बघणाऱ्यांनी व्हीए घ्यावा, तो खरोखर सुंदर दिसतो. आमच्या बैठकीत ट्यूबलाइट कायम लागलेली असते, त्यामुळे आयपीएस. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं, आणि एकाच मालिकेत आकार बदलला की पॅनेलही बदलू शकतं. जो आकार घ्यायचा तोच टीव्ही चालू करून, बाजूला उभं राहून बघायला हवा.

पुतण्यानं पेनड्राइव्हवर मराठी नाटकाचा एक प्रवेश आणला होता. "काकू, आवाज यावरच ऐकू," म्हणाला. सेल्समननं कुरकुर न करता दुकानातली मासे-फुलांची सेटिंग बंद केली, घरची लावली आणि आमचा पेनड्राइव्ह जोडला. स्पीकरचे 20 वॉट उरलेल्या दोन्ही टीव्हींवर लिहिलेले होते, पण एकाचे संवाद स्पष्ट आणि दुसऱ्याचे खोल विहिरीतून आल्यासारखे. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली तोंड करून असतात, त्यामुळे हे कानांनीच पारखावं लागतं.

ठरवलेला टीव्ही 22,490 ला मिळाला, ब्रॅकेटसकट. ऑनलाइन थोडा स्वस्त होता, पण पैसे देण्याआधी मेकॅनिकला फोन करून या कंपनीचे सुटे भाग इंदूरमध्ये मिळतात का ते विचारलं, त्यानं हो म्हटलं, आणि शहरातल्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता दुकानदारानं बिलावर लिहून दिला. बिनव्याजी हप्ते नाकारले: प्रोसेसिंग फी लागत होती, आणि बँक व्याज धरून त्यावर जीएसटी लावते तो वेगळा. स्टॅबिलायझरही नको म्हटलं, कारण टीव्हीवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं होतं. पावसाळ्यात वीज जाता-येता बसणाऱ्या झटक्यांसाठी स्पाइक गार्ड तेवढा घेतला.

आता ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही असा खर्च. जुना सेट-टॉप बॉक्स तीन रंगी पिनांचा, साध्या चित्राचा होता. तेच चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की धुरकट दिसतं. उरलेल्या पैशांतून एचडी बॉक्स घेतला आणि आईंच्या दोन मराठी वाहिन्याच तेवढ्या एचडी केल्या, म्हणजे दरमहा फार वाढ नाही. मग चित्राची सेटिंग "व्हिविड"वरून "सिनेमा"वर आणली, बॅकलाइट, म्हणजे मागच्या एलईडींचा उजेड, बराच खाली घेतला, कारण पूर्ण उजेडावर त्या पट्ट्या लवकर जातात, आणि आवाजात संवाद उठावदार करणारा पर्याय लावून दिला. आई आता आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवतात.