नडगीवरची वेळ

गुरुवारी हे आणि धाकटी लेक धडगावच्या पलीकडे, नर्मदेकडे उतरणाऱ्या पाड्यांवर गेले. हे पाळक, ती नर्स. रविवारची उपासना असल्यामुळे शनिवारी संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं. शनिवारी रात्री अकराला मी तिसऱ्यांदा आमटी गरम केली. फोन दोघांचेही बंद. तिकडे रेंज एखाद्या टेकडीवर चढलं तरच मिळते, तीही कधी गुजरातची, कधी मध्य प्रदेशची.

सासूबाई ऐंशीच्या. त्यांचे वडील मिशनच्या बंगल्यावर खानसामा होते, पश्चिम खान्देशात स्वीडिश अलायन्स मिशनचे लोक होते तेव्हा. साहेब पाऊस उलगडल्याशिवाय डोंगरात शिरत नसत, पण एकदा गेले की महिनाभर तंबूत, आणि मडमबाई रोज व्हरांड्यात कंदील लावायच्या, असं त्या सांगतात. "तुमना हातमा मोबाईल उना म्हणीसन तुम्हले तासना हिशोब लागस," म्हणाल्या. वर, "येतीन व माय, घाबरू नको." पण स्वतः काही जेवल्या नाहीत.

लोक विचारतात, तुम्ही धर्म सांगायला जाता की औषध द्यायला? दोन्हीला. पण ऑगस्टात पिशवीत बायबल एकच असतं आणि ओआरएसची पाकिटं दोनशे. हगवण, ताप आणि साप काही दिवाळीची वाट बघत नाहीत.

रविवारी आठला मी ड्यूटीवर गेले. आमचा दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी, तळोद्याच्या बाजूला. चांदसैली घाटात दरड कोसळल्याचं तिथं कळलं. त्यानंतर मी दोनदा एकाच पेशंटचं बीपी घेतलं.

अकराच्या सुमारास 108 आली. आतला माणूस तिशीचा. पाड्यापासून त्याला बांबूच्या झोळीतून आणलेलं, दरडही झोळीतच ओलांडलेली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोलणं जड, पोटात दुखतंय म्हणत होता. चावल्याची खूण शोधावी लागली: घोट्याजवळ दोन बारीक ठिपके, सूज नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते ती अशीच. दुखत नाही म्हणून कळतही नाही. पाय सरळ काठीला बांधलेला होता. पट्टी सोडली, तर नडगीवर काळ्या मार्करनं लिहिलेलं:

"वेळ 3.30. दोरी सोडली." साप चावल्यावर लोक पायाला आवळतात ती दोरी.

धाकटीचा 'ळ' पहिलीपासून आडवा पडतो. त्यापायी मी तिला पट्टीनं मारलेलंही आहे.

झोळीवाले चौघे होते, पावरीत बोलत होते. मला अर्धं समजतं. नर्सबाई कुठंय, विचारलं. तिथंच, म्हणाले, एक बाई अडलीय. आणि पाळक? नाल्यापर्यंत खांदा द्यायला आले आणि मागं फिरले. जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी रागही आला. पेशंटबरोबर निघाली असती तर आत्ता समोर उभी असती! मग त्या अडलेल्या बाईची सासू डोळ्यांसमोर आली आणि मी गप्प बसले.

बोलायला वेळही नव्हता. सर्पविषाच्या लसीच्या दहा बाटल्या सुरू केल्या. पण मण्यारीचं विष एकदा नसांना भिडलं की लस ते लगेच मागं खेचू शकत नाही. तोवर श्वास कुणीतरी द्यावा लागतो. साडेबाराला त्याचा श्वास उथळ झाला, नळी घातली. दवाखान्यातलं एकमेव व्हेंटिलेटर आधीच दुसऱ्या पेशंटला लावलेलं. मग अंबू बॅग, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. चार-पाच सेकंदांनी एक दाब, न चुकता. डॉक्टर, मी, वॉर्डबॉय, पाळीपाळीनं. रात्री दहाला मशीन मोकळं झालं तेव्हा माझा अंगठा वळत नव्हता.

बाहेर बाकावर त्याची बायको. एरवी मी नातेवाइकांना सांगते, बसा, धीर धरा. पाच मिनिटं पाय मोकळे करायला बाहेर गेले तर तीच सरकून बसली आणि मला जागा करून दिली.

सोमवारी संध्याकाळी दोघं आले. दरडीपर्यंत पायी, पुढं दुधाच्या पिकअपमधून. यांचे पाय पावसाळी बुटांनी सोललेले. मुलगी झाली, आई-बाळ ठीक. सासूबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि दोघांनाही भरपूर बोलणी ऐकवली.

तिसऱ्या दिवशी त्याच्या पापण्या उघडल्या, चौथ्या दिवशी नळी निघाली. स्पंज करताना नडगीवरचं अजून पुसट दिसत होतं. हे काय लिहिलंय, त्यानं खुणेनं विचारलं. मी म्हटलं, साप चावल्याची वेळ. त्याची बायको हसायला लागली. घरात घड्याळच नाही म्हणे.

घरी येऊन धाकटीला विचारलं, साडेतीन कुठून आणलेस?

"पहिला कोंबडा आरवायच्या जरा आधी, असं म्हणाले ते. पप्पा म्हणत होते, 'अंदाजे' लिही. पण पायावर जागा कुठं होती?"